पडल्याची वर्दी

वयाची सत्तरी ओलांडलेला माणूस घरात पडला म्हणजे आपल्याला कोठे लागले आहे हे तो प्रथम पाहत नाही. आपल्याला पडताना कोणी पाहिले तर नाही ना, हे तो पाहतो. न्हाणीघरात काही आदळल्याचा आवाज ऐकून सून दाराशी धावत आली, तर 'काही नाही गं, बादली कलंडली' असे सांगून प्रकरण तेथल्या तेथे मिटविण्यात येते, कोपरावर आलेली सूज सदऱ्याच्या बाहीखाली झाकली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पाय किंचित ओढत टाकला जाऊ लागला, तर 'वात आहे' हे सर्वमान्य कारण पुढे केले जाते. या लपवाछपवीला हट्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी एक पक्का हिशेब असतो. पडल्याची वर्दी एकदा का घरात पोचली, की उद्यापासून एकट्याने भाजी आणायला जाणे बंद, माडीवर निजणे बंद, संध्याकाळचे देऊळ बंद, आणि परगावच्या मुलाशी फोनवर होणाऱ्या मसलतीत 'आता यांना एकटे ठेवणे बरे नव्हे' असा ठराव, ज्याच्याविषयी तो आहे त्याची कैफियत न ऐकताच, एकमताने संमत होणार, हे त्या वृद्धाला किंवा वृद्धेला पुरते ठाऊक असते. आळीतल्या कोणाचे तरी तसे झालेले त्यांनी पाहिलेले असते. म्हणून ज्या घटनेची नोंद सर्वांत आधी व्हायला हवी, तीच घटना कोणत्याही दफ्तरात शिरत नाही. आणि जी कोणी सांगितलीच नाही, तिला आळा घालण्याची तजवीज तरी कोणी करावी?

या मामल्याची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात. अनवधानाने होणाऱ्या इजांपायी ओढवणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, त्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घडतात, आणि सर्वाधिक मृत्यू साठीपुढील माणसांचे असतात. पासष्टीपुढच्या लोकांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक वर्षातून एकदा तरी पडतात, असे देशोदेशींच्या पाहण्यांत आढळले आहे. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील माणसांची संख्या १ कोटी ११ लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के भरली होती, आणि तेव्हापासून ती वाढतच गेली आहे. वर्षाकाठी या राज्यात किती म्हातारी माणसे जमिनीवर येत असतील, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. रस्त्यावर मोटारीचा धक्का लागून कोणी पडले तर पोलीस येतात, पंचनामा होतो, वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. घरातल्या घरात, उंबरठ्यापासून मोरीपर्यंतच्या दहा पावलांत जे घडते त्याचा ना पंचनामा होतो, ना बातमी. त्याला आपण 'वय झाले' एवढ्याच शब्दांत निकालात काढतो.

परंतु वय हे पडण्याचे कारण म्हणून पुढे करणे शास्त्राला धरून नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या वैद्य मेरी टिनेटी यांनी न्यू हेवन या शहरात, आपापल्या घरी राहणाऱ्या पंचाहत्तरीपुढच्या ३३६ स्त्री-पुरुषांची वर्षभर पाहणी करून १९८८ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो या विषयाच्या इतिहासात मैलाचा दगड ठरला. त्या वर्षात ३२ टक्के माणसे पडली, हे तर अपेक्षितच होते. पण झोपेच्या गोळ्यांसारख्या शामक औषधांचा वापर, स्मृतीचा क्षीणपणा, पायांतील अशक्तता, चालण्यातील व तोल सांभाळण्यातील दोष, पावलांचे विकार अशा प्रतिकूल गोष्टींपैकी ज्यांच्या ठायी एकही नव्हती, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण अवघे ८ टक्के होते, आणि ज्यांच्या ठायी चार किंवा अधिक होत्या, त्यांच्यात ते ७८ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे सर्वच्या सर्व माणसे वृद्ध असूनही त्यांच्या दैवात एवढे अंतर होते, आणि ते अंतर ज्या गोष्टींमुळे पडले, त्यांतील बहुतेक गोष्टी मोजता येण्याजोग्या, आणि पुष्कळशा सुधारता येण्याजोग्या होत्या.

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो ही मुळातच मोठी कसरत आहे. डोळे भोवतालची खबर देतात, अंतःकर्णातील सूक्ष्म इंद्रिय मस्तकाचा कल सांगते, तळपाय आणि सांधे जमिनीचा अंदाज कळवितात. या तिन्ही वार्ता मेंदूत एकत्र येतात आणि तेथून सुटलेला हुकूम मांड्यांच्या व पोटऱ्यांच्या स्नायूंनी क्षणार्धात अंमलात आणावयाचा असतो. तरुण माणूसही दिवसातून अनेकदा अडखळतो. फरक एवढाच की त्याचे दुसरे पाऊल वेळेवर पुढे पडते. वृद्धापकाळी या दरबारातले एकेक खाते मंद होत जाते. मोतीबिंदूने पायरीची कड पुसट होते. दूरचे आणि जवळचे एकाच भिंगातून पाहण्याचा चष्मा लावून जिना उतरताना पायाखालची पायरी नेमकी वाचनाच्या भिंगातून अस्पष्ट दिसते. जुन्या मधुमेहाने तळवे बधिर होतात. आणि कसरत सुटलेल्या मांड्या हुकूम मिळूनही उशिरा हलतात.

त्यात भर पडते ती औषधांची, आणि याविषयी आपल्याकडे विलक्षण बेफिकिरी आहे. निजलेला माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे ओढले जाते, आणि शरीराने ताबडतोब रक्तवाहिन्या आवळून मेंदूकडील पुरवठा राखायचा असतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा अधिक उतरला, तर वैद्य त्याला दोष मानतात. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीचे प्रमाण वाढविणारी औषधे, पुरुषांना प्रोस्टेट ग्रंथीसाठी दिली जाणारी काही औषधे या दोषात भर घालू शकतात. त्यावर रात्रीची झोपेची गोळी घेतलेली असावी, आणि पहाटे तीन वाजता लघवीच्या घाईने ताडकन उठून अंधारात भिंत चाचपडत निघावे, म्हणजे पडण्याची सर्व सिद्धता झाली. अशा वेळी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून, पावले चार वेळा वर-खाली हलवून मग उठावे, एवढी साधी गोष्टही डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. एक डॉक्टर हृदयाचा, दुसरा साखरेचा, तिसरा गुडघ्याचा. प्रत्येकाची चिठ्ठी निराळी, आणि सर्व चिठ्ठ्या एकत्र वाचणारे कोणीच नाही. (आपण होऊन गोळ्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ कोणी कृपा करून काढू नये, सर्व पाकिटे एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरापुढे मांडावीत, इतकेच.)

आता आपल्या घरांकडे वळू. पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेल्या सूचनांत गालिच्याचे कोपरे आणि पाळीव कुत्र्याचा पट्टा यांचा मोठा बडिवार असतो. आपल्या घरातली संकटे निराळी आहेत. जुन्या वाड्याचा जिना अंधारा आणि उभा चढणीचा असे, हे खरे. परंतु तो बांधणाऱ्याने धरण्यासाठी वरून एक जाड दोर सोडून ठेवलेला असे, आणि त्या दोराला धरूनच घरातील थोरली मंडळी खाली-वर करीत. वाडा गेला, त्याच्या जागी सदनिका आली, आणि बांधकाम व्यावसायिकाने डोळ्यांत भरावी म्हणून जमिनीला आरशासारखी गुळगुळीत फरशी बसवून दिली, स्नानगृहातही तीच. तिच्यावर साबणाचे पाणी सांडले की जे होते ते सांगायला नको. दिवाळीच्या पहाटे, अंगाला तेल चोळून, थंडीत, अपुऱ्या उजेडात, तेलकट झालेल्या लादीवरच्या पाटावरून उठणारी आजी हे आपल्या संस्कृतीतील एक मंगल दृश्य आहे, आणि अस्थिवैद्याच्या दृष्टीने एक भयंकर दृश्य आहे. कोकणात ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत अंगणातल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, आणि न्हाणीघर किंवा शौचकूप घरामागे असले तर पावसात तेवढे अंतर तोडावेच लागते. दारातले घसरते पायपुसणे, झिजलेल्या टाचेची स्लीपर, वाटेत आडवी पडलेली फोनची वायर, पायात येणाऱ्या निऱ्या, लोंबणारा धोतराचा सोगा. या यादीत ऐट अशी काहीच नाही. वस्त्र पायात येण्याचा धोका राजेलोकांनाही चुकलेला नाही: १५५६ च्या जानेवारीत दिल्लीच्या पुराना किल्ल्यातील आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून हुमायून बादशहा पडला आणि त्यातच मरण पावला, तो अंगरख्याच्या घोळात पाय अडकून, असे इतिहासात नमूद आहे, आणि त्याचे वय तर अवघे सत्तेचाळीस होते.

एका बाबतीत मात्र आपली जुनी राहणी हितकारक होती. जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भाजी चिरणे, दिवसातून कितीदा तरी हात न टेकता उठणे, यांत मांड्यांचा जो व्यायाम आपोआप घडत असे, तो टेबल-खुर्चीने आणि कमोडने बंद पाडला. गुडघे गेलेल्या माणसाला कमोड हवाच, त्याविषयी वाद नाही. पण तो बसविताना शेजारच्या भिंतीत पकडण्याची एक भक्कम दांडी बसवावी, हे प्लंबरला कोणी सांगत नाही, आणि टॉवेल वाळत घालण्याच्या दांडीलाच धरून म्हातारी माणसे उठू पाहतात. ती दांडी टॉवेलाचेच वजन पेलण्यासाठी असते. ती निखळते, आणि दांडीसह माणूस खाली येतो.

पडण्याचा परिणाम हाडावर होतो तसाच मनावर होतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि कुशीवर पडल्याने खुब्याचे हाड मोडले तर वर्षाच्या आत दहांपैकी दोन किंवा तीन रुग्ण दगावतात. पण ज्याचे काहीच मोडले नाही, तोही पुष्कळदा मनाने मोडतो. पुन्हा पडू या धास्तीने तो चालणे कमी करतो. चालणे कमी झाल्याने पाय अधिक दुबळे होतात. दुबळ्या पायांनी तो पुन्हा पडतो. हे दुष्टचक्र घरच्यांच्या मायेने अधिकच वेगाने फिरते, कारण 'बाबा, तुम्ही बसा, मी आणते' या वाक्याइतके पायांचे नुकसान करणारे दुसरे वाक्य नसेल.

हे सर्व निवारण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाला आपण आजवर दोनच उत्तरे देत आलो: डॉक्टरांचे किंवा मुलांचे. मुलांपैकी कितीतरी जण बंगळुरात किंवा सातासमुद्रापार आहेत आणि कोथरूड, डोंबिवली, नाशिक येथल्या घरांत आई-वडील दोघेच, किंवा एकटेच, आहेत. मुलांची काळजी खरी असली तरी ती तिकडून दिवा लावू शकत नाही. डॉक्टरांविषयी म्हणाल, तर अमेरिकेत ८६ दवाखान्यांतील ५,४५१ वृद्धांवर एक मोठा प्रयोग झाला. खास शिकविलेल्या परिचारिकांनी प्रत्येकाचे दोष हुडकून त्याची स्वतंत्र योजना आखून दिली, आणि २०२० साली जाहीर झालेल्या निकालात गंभीर इजांमध्ये पडलेला फरक इतका थोडा होता की तो योगायोगाने पडला नाही असे खात्रीने म्हणता आले नाही. योजना चुकीची होती असे मला वाटत नाही. दवाखान्यात आखलेली योजना घरी जाऊन आचरणात आणावयाची असते, आणि घरी तिला सोबती मिळत नाही, असे माझे मत आहे. अमेरिकेतच कनेक्टिकट राज्यात टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला होता. तेथे केवळ डॉक्टर नव्हेत, तर घरोघर जाणाऱ्या परिचारिका, व्यायाम शिकविणारे, वृद्धांची सामाजिक केंद्रे अशा साऱ्या मंडळींना एका मुलखात एकाच वेळी कामाला लावले गेले. आणि शेजारच्या मुलखाशी तुलना करता गंभीर इजांचे प्रमाण ९ टक्क्यांनी कमी भरले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु सार्वजनिक जागृतीचा याहून जुना आणि अधिक उद्बोधक दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर, जेथे सुमारे ऐंशी हजार वृद्ध राहत होते, १९९२ ते १९९६ या काळात 'आपल्या पायांवर उभे राहा' या आशयाच्या नावाची मोहीम चालविण्यात आली. तिची रचना मनन करण्यासारखी आहे. एखादा उपचार निवडून तो ठराविक रुग्णांना देण्याऐवजी संपूर्ण इलाख्याचीच समजूत बदलण्याचा तो प्रयत्न होता. स्थानिक वर्तमानपत्रे आणि नभोवाणी यांतून सतत लिहिले-बोलले गेले; वृद्धांच्या मंडळांतून चर्चा झाल्या; डॉक्टरांना औषधे पुन्हा तपासून पाहण्याची आठवण करून देण्यात आली; औषधविक्रेत्यांना हाताशी धरण्यात आले; पादत्राणे, दृष्टी, व्यायाम आणि घरातील अडथळे यांविषयी सांगण्यात आले; आणि नगरपरिषदांच्या मागे लागून पदपथांसारख्या सार्वजनिक जागांचा प्रश्न त्यांच्या धोरणात शिरविण्यात आला. क्वीन्सलँडमधील तशाच एका किनारी प्रदेशाशी, जेथे असली मोहीम नव्हती, तुलना केली असता पडल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण मोहिमेच्या प्रदेशात २० टक्क्यांनी कमी आढळले. एका प्रदेशाची दुसऱ्या प्रदेशाशी केलेली तुलना ही चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाइतकी बिनचूक नसते, हे मान्य केले पाहिजे. पण पाच वर्षांनी पुन्हा चौकशी झाली तेव्हाही डॉक्टर, औषधविक्रेते आणि नगरपरिषदा यांच्या कामात त्या मोहिमेचा काही अंश टिकून राहिलेला दिसला, ही गोष्ट मला आकड्यापेक्षाही बोलकी वाटते. सरकारी मोहिमांचा आपला अनुभव असा की फलक उतरला की मोहीम संपते.

त्या मोहिमेचे नाव कसे ठेवले होते, तेही पाहावे. 'पडू नका' असे कोणाला सांगितले नाही. इंग्लंडात वृद्धांशी केलेल्या सविस्तर संभाषणांतून असे दिसून आले आहे, की पडण्यापासून सावध राहण्याचा उपदेश माणसे ऐकून घेतात, तो उत्तम असल्याची ग्वाही देतात, आणि तो आपल्याहून म्हाताऱ्या, आपल्याहून दुबळ्या अशा दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे मनाशी ठरवून टाकतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांतून होणाऱ्या व्याख्यानांची गत याहून निराळी नाही. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन येतो, अस्थिवैद्य येतात, हाडांची चित्रे पडद्यावर दाखवितात, शाल-श्रीफळ होते, चहा होतो, आणि व्याख्यान फारच छान झाले असे म्हणत मंडळी त्याच झिजलेल्या चपला पायात सरकवून, कठडा नसलेल्या पायऱ्या उतरून घरी जातात. कधी हाडांची घनता फुकट मोजून देणारे शिबिर भरते आणि त्याच्या शेवटी ड जीवनसत्त्वाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांची विक्री होते. ज्याच्या रक्तात ते जीवनसत्त्व कमी आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावे. पण वर्षाची मात्रा एकदम दिलेल्या वृद्ध स्त्रियांत पडणे उलट वाढले, असे ऑस्ट्रेलियातच २०१० मध्ये आढळले होते, तेव्हा गोळीने तोल सांभाळला जाईल या भ्रमात कोणी राहू नये.

तोल सांभाळला जातो तो व्यायामाने, आणि त्याविषयी पुरावा भक्कम आहे. पंचवीस देशांतील १०८ प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१९ साली काढलेला निष्कर्ष असा, की योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. यातील 'योग्य' हे विशेषण महत्त्वाचे. सकाळी बागेत चार फेऱ्या मारून बाकावर राजकारणाची चर्चा करणे प्रकृतीला आणि मनाला हितकर आहे, परंतु नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. तोलाला थोडे आव्हान देणारा व्यायाम लागतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालणे, भिंतीचा किंवा ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, टाचा उचलणे. हे सावकाश वाढवीत न्यावे लागते, आठवड्यातून निदान तीनदा करावे लागते, आणि सोडले की लाभही ओसरतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्बेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करण्याजोगा असा क्रम बसविला, १९९७ मध्ये ऐंशीपुढच्या स्त्रियांवर त्याची परीक्षा प्रसिद्ध केली, आणि पुढे तो शिकविण्यासाठी परिचारिकांनाही तयार केले. एकट्याने असा क्रम महिनाभरही टिकत नाही, हे ज्याने एकदा तरी योगासनांचा संकल्प सोडला आहे त्याला पटवून द्यावे लागणार नाही. टिकतो तो मंडळात.

आणि मंडळांच्या बाबतीत महाराष्ट्राइतका संपन्न मुलूख शोधून सापडणार नाही. फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ शहरोशहरी आणि तालुक्या-तालुक्यांत आहेत. महापालिकांनी बांधलेली विरंगुळा केंद्रे आहेत, मुंबईत नाना-नानी पार्क आहेत. भजनी मंडळे, हरिपाठाचे फड, महिला मंडळे, बचत गट आहेत. पंढरीची वाट दरसाल पायी चालणारी सत्तरीतली माणसे आहेत, त्यांच्याइतके तोलाचे शिक्षक दुसरे कोण? खेड्यात आशा सेविका आहे. तिशीपुढच्या माणसांच्या आरोग्याची जी नोंद ती घरोघर करते, तिच्या छापील तक्त्यात साठीपुढच्यांसाठी उभे राहताना किंवा चालताना तोल जातो काय, असा प्रश्न आधीच आहे. म्हणजे सरकारदरबारी हा प्रश्न विचारला जातो; त्याला प्रांजळ उत्तर मिळेल आणि उत्तर 'होय' आले तर पुढे काही होईल, एवढीच व्यवस्था करावयाची राहिली आहे.

प्रांजळ उत्तर मुलाला मिळत नाही, डॉक्टरलाही क्वचितच मिळते. ते मिळते समवयस्काला. कट्ट्यावर एकाने 'परवा मोरीत आडवा झालो होतो' असे हसत सांगितले, की दुसऱ्यालाही आपले आठवते, तिसरी बाई बाकाच्या दुसऱ्या टोकावरून आपला जिन्याचा प्रसंग सांगते, आणि ज्या गोष्टीची घरात लाज वाटत होती ती सर्वांची सामाईक अडचण ठरते. या कबुलीचा कोणालाही दंड नसतो. संघाने करावयाचे पहिले काम हेच: पडल्याचे बोलून दाखविण्यास मुभा देणारी जागा निर्माण करणे. पुढची कामे त्यातून आपोआप सुचतात. कोणाच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा महिनोन्महिने गेलेला आहे, ते गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीला एकट्या आजोबांनी सांगितले तर कटकट ठरते, संघाच्या पत्राने सांगितले तर विषयपत्रिकेवर येते. पदपथाच्या उखडलेल्या ठोकळ्यांविषयी प्रभाग कार्यालयात पंचवीस सह्यांचा अर्ज गेला तर त्याला आवक क्रमांक मिळतो आणि त्याचा पाठपुरावा करता येतो. निवृत्त अभियंता, निवृत्त परिचारिका, गवंडीकाम जाणणारा कोणी, असे तिघे मिळून सभासदांच्या घरी फेरी मारतील, तर उजेड, दांडी, फरशी यांची तपासणी अर्ध्या तासाचे काम आहे, आणि तपासायला आलेली माणसे आपल्याच वयाची असल्याने घरमालकाचा मानही राहतो. एकटे राहणाऱ्यांची साखळी करून रोज सकाळी आठ वाजता एकमेकांना फोन करणे, जादा किल्ली शेजारी ठेवणे, यांना तर पैसाही लागत नाही.

त्या किल्लीचे महत्त्व थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या माणसांची पाहणी झाली तेव्हा असे आढळले, की पडलेल्यांपैकी बहुतेकांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि सुमारे एकतृतीयांश माणसे तासभर किंवा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिली होती. मदत बोलावण्याची विजेची घंटा अनेकांकडे होती; बहुतेकांनी ती वाजविलीच नाही. कोणाला त्रास कशाला, ही वृत्ती फक्त आपलीच नाही, असा याचा अर्थ. म्हणून पडल्यावर उठावे कसे, हेही संघात शिकविले पाहिजे, आणि ज्यांचे गुडघे-मनगटे धड आहेत त्यांच्याकडून सतरंजीवर करवून घेतले पाहिजे. प्रथम घाई न करता श्वास घ्यावा, कोठे फार दुखते का ते पाहावे, कुशीवर वळावे, हात टेकून गुडघ्यांवर यावे, रांगत भक्कम खुर्चीपाशी किंवा पलंगापाशी जावे, दोन्ही हात तिच्यावर रोवून बळकट पाय पुढे टेकवावा, आणि त्यावर जोर देऊन वर येऊन बसावे. मदतीला धावलेल्याने काखेत हात घालून ओढू नये. जांघेत तीव्र कळ असेल, एक पाय आखूड दिसत असून पाऊल बाहेरच्या बाजूस कललेले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा, माणसाला उभे करण्याचा प्रयत्न करू नये, पांघरूण घालून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात न्यावेच. घरात मदत मागण्याजोगे कोणी नसलेल्या वृद्धांसाठी १४५६७ हा केंद्र सरकारच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो भिंतीवर, जमिनीवर पडलेल्या माणसालाही वाचता येईल इतक्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.

ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यवाहांना शेवटी एक विनंती. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत वाढदिवसांच्या शुभेच्छांनंतर 'या महिन्यात कोण पडले' हा विषय घालावा, आणि अध्यक्षांनी स्वतःपासून सुरुवात करावी. त्यानंतर एकेका सभासदाला खुर्चीवर बसवून, उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जाऊन, वळून परत येऊन बसायला सांगावे, शेजारी एकाने सांभाळायला उभे राहावे, आणि लागलेला वेळ वहीत टिपावा. बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर त्या सभासदाच्या पायांकडे, औषधांकडे आणि घराकडे लक्ष देण्याची गरज आहे असे समजावे. यासाठी लागणारे सामान म्हणजे हातांची एक खुर्ची, तीन मीटर सुतळी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. ते सभेला येताना बरोबर आणावे.